शीतल सिस्टरनं आणलेला मुराळी

आमच्या वॉर्डात हळू बोलायची पद्धत आहे. नातेवाईक हळू बोलतात, डॉक्टर हळू बोलतात, चहावालासुद्धा कप आवाज न करता ठेवतो. माणूस शेवटच्या दुखण्यात इथं येतो ना, म्हणून. आणि अशा जागी आमची शीतल सिस्टर हसते कशी, तर खाली माझ्या गाडीत ऐकू येतं! मी लोटन, धुळ्याच्या या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवतो. एकदा तिला म्हणालो, "बाई, जरा तरी लाज बाळग. माणसं मरताहेत इथं." ती म्हणाली, "मरताहेत म्हणून काय, त्यांनी हसणं ऐकायचंच नाही का, लोटनभाऊ?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी रोज घालतो.

शीतल पावरा सातपुड्याच्या पायथ्याची. तिचा बाप सिंगा पोटातल्या गाठीनं गेला, घरी खाटेवर, ओरडत. दुखणं थांबवणारं औषध असतं, हे त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. पोरगी शिकली, नर्स झाली आणि ज्या वॉर्डातून जो तो बदली मागतो, तो आमचा वॉर्ड तिनं मागून घेतला. लोक तोंडावर विचारतात, "तुमच्याकडून कोणी बरं होऊन जातं का हो?" मला असा राग येतो! ती मात्र शांतपणे सांगते, "नाही. पण नीट जातं."

गेल्या वर्षी चैत्र संपता संपता दगडीबाई आली. साठी ओलांडलेली, छातीचा कॅन्सर, जखम उघडी पडलेली, एक हात सुजून जड झालेला. नवरा शालिग्राम नाना स्टुलावर बसून असायचा. सासर पिंपळनेरचं, माहेर सोनगीर. बाईचं मागणं एकच, "माले आखाजीले माहेर जानं शे."

खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं म्हणून सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या सासुरवाशिणींचा सण. माहेरचा माणूस मुराळी होऊन न्यायला येतो, लिंबाला झोका बांधतात, आणि नातवंडं झालेली बाईसुद्धा त्या दिवशी पोर होते. दगडीबाईचा भाऊ रतिलाल लग्नापासून दर वर्षी यायचा. या खेपेला मात्र फोनवर म्हणाला, "बरी झाली की नेतो." ती बरी होणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

शीतल म्हणाली, "अक्का, गाडी आहे, लोटनभाऊ आहेत, मी नेते तुम्हाला." म्हातारीनं तोंड फिरवलं. "बिगर मुराळीनी? मी काय तठे भीक मांगाले जाऊ का?"

झालं! सुट्टीच्या दिवशी शीतलनं मला गाडीत बसवलं आणि आम्ही सोनगीरला गेलो. रतिलाल आबा ओसरीवर होते. चहा दिला, पाणी दिलं, पण मान वर करीनात. शेवटी म्हणाले, "सिस्टर, लेक माहेरातून सासरी जाते. माहेरातून मसणात नाही जात. तिला इथं काही झालं तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

"होणारच आहे, आबा," शीतल म्हणाली. "तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. तुमच्या न येण्यानं मरण थांबत नाही, फक्त तिची आखाजी बुडते."

मी मनात म्हटलं, मेलो, आता हा आपल्याला हाकलतो. पण तो माणूस रडायला लागला. "ती दुखण्यानं ओरडली तर? माझ्याच्यानं नाही बघवणार हो!" खरी भीती ही होती. गावाचं नाव नुसतं पुढं केलेलं.

"ते माझ्याकडे लागलं," शीतल म्हणाली. "आणि नानाही सोबत येतील. नवरा उशाशी बसलेला असताना कोणाची जीभ उचलते, ते बघूच."

मग तिनं चंगच बांधला. डॉक्टरांना विचारून मॉर्फिनचा डोस बसवला, जखमेचा वास जावा म्हणून गोळी कुटून पूड भरली, सुजलेल्या हाताला रोज पट्टी बांधली. दगडीबाईला खुर्चीत बसवायची, हलवायची, पुन्हा निजवायची. बाई शिव्या घालायची, शीतल त्या आनंदानं खायची.

आखाजीच्या सकाळी रतिलाल आबा कडक इस्त्रीची टोपी घालून थेट वॉर्डात. "बहीन, लेवाले वनू तुले." न्यायला आलेत म्हणे! म्हातारी काय म्हणाली असेल? "इतला उशीर?" सगळा वॉर्ड हसला. हळू बोलायची पद्धत त्या दिवशी गेली चुलीत.

सोनगीरला लिंबाखाली बाया जमलेल्या. पण दगडीबाईला बघून सगळ्या मागं सरल्या, हात लावायला भ्यायच्या. शीतल झोक्यावर बसली, तिला पुढ्यात घेतलं, कमरेला लुगडं गुंडाळून स्वतःशी बांधलं, दुखरा हात उशीवर ठेवला. आबांनी झोका दिला. मी ओरडलो, "हळू रे, हळू!" वरून म्हातारीचा आवाज आला, "आखो! आखो वर!" अजून उंच हवा होता तिला झोका! तेव्हा कुठं बायांनी गाणं धरलं. एकीनं नानांना चिडवलं, "जावईबापू, बायकोला एकटी सोडवत नाही का?" नाना लाजले, वयाच्या सत्तरीत! दगडीबाईनं वाटीभर आमरस खाल्ला, आणि दिवसभर एकदाही विव्हळली नाही. माझे डोळे भरून आले, लपवायचं कशाला?

ऊन कलल्यावर ठरल्याप्रमाणे मी गाडी दाराशी लावली, स्ट्रेचर काढलं. रतिलाल आबा आडवे आले. "हे काय?"

"परत न्यायचं ना, आबा."

"आखाजीनी लेक त्याच दिनले परत जास का?" असे खेकसले माझ्यावर! "नाना बी राहतील. जे व्हायचं ते इथं होऊ दे. तिचंच घर शे."

शीतल तशीच आत गेली, भावजयीला शेजारी बसवून औषध कधी, किती, जखम कशी धुवायची, सगळं तिच्याकडून करून घेतलं. पुढं दर आठवड्याला आम्ही जात राहिलो. दगडीबाई नंतर त्याच ओसरीवर गेली, झोपेत, न ओरडता. गावातलं कोणी काही बोललं नाही. पण ते मरणाचं झालं, मी आखाजीचं सांगतोय.

त्या संध्याकाळी स्ट्रेचर रिकामंच गाडीत चढवलं. रिकाम्या गाडीचा सायरन वाजवायचा नसतो, नियम आहे. सोनगीरची वेस ओलांडेपर्यंत मी वाजवला.