धारोष्ण दुधाचा ताप

"तुम्हाला ब्रुसेलोसिस झालाय," बीडच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला होणारा ताप. मी मेंढपाळाच्या घरातली, पण हे नाव पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळ झाली की ताप चढायचा, पहाटे घामानं लुगडं भिजायचं, कंबर तर धरलेलीच. अंगात ताकद यावी म्हणून मी रोज शेळीचं धारोष्ण दूध प्यायचे, आणि रोग त्यातूनच पोटात जात होता! गाभडलेल्या, म्हणजे दिवस भरायच्या आधीच पिल्लू पडलेल्या शेळीची वारही मी उघड्या हातांनी उचलली होती. दूध उकळूनच प्या, हातमोजे घाला, हे मॅडमनी दोनदा बजावलं. तुम्हालाही तेच सांगते.

मग त्या सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, "पेशंट वंचित घटकातली आहे. कायम फिरतीवर." मला रागच आला. एवढ्या कळपाची मालकीण मी, वंचित कशी? पण रक्त कुठं द्यायचं, रिपोर्ट कुठं मिळतो, काही कळेना. जो तो म्हणे, "नंबर लावा." बाकावर बसल्या बसल्या मनात आलं, इथं मात्र आहे मी वंचित.

खरी धास्ती वेगळीच होती. रानात मेंढरं बसवायला चौसाळ्याकडचे बागायतदार आमची वाट बघतात, लेंडीखतासाठी. रोगाचं कळलं तर कोण बोलावणार? नवरा म्हणाला, "कुणाला सांगू नगंस."

जनावरांच्या डॉक्टरांनी कळप तपासला. दोन शेळ्यांत रोग निघाला, त्या काढून टाकल्या. माझ्या गोळ्या सहा आठवडे चालल्या. ताप लवकर गेला तरी मी त्या सोडल्या नाहीत. मध्येच सोडल्या तर रोग उलटतो.

ज्वारी निघाली तशा एक बागायतदारीण काकू आमच्या पालावर आल्या. दरवर्षी आम्ही त्यांच्या रानात मेंढरं बसवतो. त्यांच्या आधी दोघांचं बोलावणं येऊन गेलं होतं. मला लपवणं जमेना. नवऱ्यासमोरच सगळं सांगून टाकलं.

काकूंनी कळपावरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "आजारी शेळ्या काढल्या न्हवं? दूध उकळून पिऊ. लेंड्या काय आमी पिनार हाव व्हय? कवा बसवतीस ते सांग. लई नड हाय बाई."

माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत म्हटलं, "काकू, नंबर लावा."

त्यांचा तिसरा लागला.