हकीमसाहेबांचा वैद्य

बार्शीचे गुरुशांतप्पा वैद्य आणि बिदरचे हकीम बंदेनवाजमियाँ यांची ओळख गाणगापूरची. तिथल्या जत्रेत पटकीची साथ आली, तेव्हा दोघांनी आठ दिवस एकाच मांडवात रोगी सांभाळले होते. निरोप घेताना त्यांचं ठरलं, की वैद्यांचा एक शिष्य बिदरला जाईल आणि हकीमसाहेबांचा पुतण्या बार्शीला येईल, दोन वर्षं. त्याप्रमाणे सन चौतीसच्या दिवाळीआधी पुतण्या यासीन बार्शीला पोचला आणि वैद्यांचा धोंडप्पा बिदरला निघाला.

निघाला म्हणजे मुलूखच बदलला. बार्शी इंग्रजांची, बिदर निजामाचं. नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायाने त्याची वळकटी उलगडली, औषधाच्या पुड्या हुंगल्या आणि उर्दूत काहीतरी विचारलं. धोंडप्पाने मान हलवली. कशाला हलवली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पुढे बिदरमध्ये नाणं वेगळं, सुट्टी शुक्रवारी, महिन्याचं नाव आजुर. हा आजुर म्हणजे आश्विन की कार्तिक, हे विचारायचं तरी कुणाला? घरात कन्नड, बाजारात दखनी, कचेरीत उर्दू. मराठी बोलणारेही भेटत, पण चार शब्द मराठी झाले की पाचवा भलत्याच भाषेतून येई.

जेवणाखाण्याची अडचण नको म्हणून हकीमसाहेबांनी त्याची सोय निलम्माकडे लावली होती. निलम्मा त्याच्यासारखीच लिंगायत, एकटी राहणारी, पन्नाशीची बाई.

दवाखान्यात भिंतभर बरण्या होत्या आणि प्रत्येकीवर उर्दू चिठ्ठी. आधी अक्षरं शिकायची, मग बरणीला हात लावायचा, असा हकीमसाहेबांचा दंडक. बार्शीत नाडी बघणारा धोंडप्पा इथे पाटी घेऊन अलिफ-बे गिरवत बसला. येणारे-जाणारे बघत. एक महिना गेला आणि त्याने गुरूंना पत्र लिहिलं, की मला परत बोलवा.

पत्र खिशात होतं. त्या दुपारी निलम्माने त्याच्या ताटाकडे पाहिलं.

"अण्णा, कामून ताट तसंच ठेवायलास?"

"अक्का, मला हितं काहीच येत न्हाई."

निलम्मा त्याच्यासमोर बसली. तिचं माहेर तेलुगू मुलखातलं. लग्न होऊन ती इथे आली, तेव्हा तिला सासूकडे मीठसुद्धा मागता येत नव्हतं. "सा म्हैने मी मुकीच व्हते," ती म्हणाली. "मग एक दिस भाजीवालीनं मापात मारलं, तर तिच्याशी कन्नडात भांडले. घरी येऊन रडले अन् हसले बी. तवापासनं हे गाव माझं झालं."

धोंडप्पाने भाकरी मोडली. पत्र त्या दिवशी टपालात पडलं नाही.

आठवड्याने एका व्यापाऱ्याकडून ज्येष्ठमधाची गोणी आली, वर ‘मुलेठी’ अशी उर्दू चिठ्ठी. हकीमसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. त्यांनी कशीबशी चिठ्ठी वाचली आणि माल बरणीत भरून ठेवायला सांगितला. खोकल्याच्या काढ्यात हेच मूळ रोज जाई. गुरुशांतप्पांकडे लागलेल्या सवयीने धोंडप्पाने एक तुकडा मोडला. आत पिवळेपणा नव्हता. चावून पाहिला, तर गोडी आली, पण मागून कडवटपणा जिभेवर रेंगाळला. त्याने दुसरा तुकडा चावला, तिसरा चावला. ही ज्येष्ठमधासारखीच दिसणारी, पण विषारी गुंजेची मुळी होती.

तो घाबरला. ज्याला धड अक्षर वाचता येत नाही, त्याने चाळीस वर्षं हकिमी केलेल्या माणसाला काय सांगायचं? पण काढ्यासाठी बाहेर माणसं बसली होती. तो मोडक्यातोडक्या दखनीत म्हणाला, "साहब, ये मुलेठी नहीं."

हकीमसाहेबांनी तुकडा तोंडात धरला आणि डोळे मिटले. मग त्यांनी गोणी बांधून परत पाठवायला सांगितलं आणि आज काढा मिळणार नाही म्हणून बाहेर स्वतः जाऊन सांगितलं. आत येऊन ते म्हणाले, "मी चिठ्ठी वाचायलो व्हतो. तू जिन्नस वाचलास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बरण्या त्याच्यापुढे मांडल्या. धोंडप्पा एकेक बरणी उघडून चाखी, हुंगे, आपलं नाव सांगे. हकीमसाहेब त्यांचं सांगत. उर्दू चिठ्ठीखाली तो बाळबोध अक्षरांत नाव लिही. पाटीवर जे महिनाभरात जमलं नव्हतं, ते बरण्यांनी पंधरा दिवसांत शिकवलं.

त्याच सुमारास यासीनचं पत्र आलं. हकीमसाहेबांनी ते डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचलं. बार्शीत आपल्या विनोदाला कुणी हसत नाही आणि सगळे आपल्याला पाहुणा समजून दुसऱ्यांदा वाढतात, अशी त्याची तक्रार होती. धोंडप्पा बिदरमध्ये आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसला. त्याने चार ओळी उर्दूत लिहून उत्तर धाडलं. हकीमसाहेबांना त्यात अकरा चुका सापडल्या, पण त्यांनी एकही दुरुस्त करू दिली नाही.

दोन वर्षांनी दोघे आपापल्या घरी परतले. गुरुशांतप्पांनी धोंडप्पाला बार्शीतच दुकान थाटायला सांगितलं. त्याने नम्रपणे बिदरकडच्या औराद गावाचं नाव काढलं. तिथे मराठी, कन्नड, दखनी, थोडी तेलुगू, सगळंच बोललं जाई, आणि गावात वैद्य नव्हता. गुरूंनी थोडा विचार करून खल-बत्ता त्याच्या हाती दिला.

औरादला आठवडी बाजाराच्या दिवशी यासीनही बिदरहून येई. दोघे एकाच घोंगडीवर बसत. काही म्हाताऱ्या एक हात वैद्याच्या हाती देत, दुसरा हकीमाच्या, आणि दोघांचं म्हणणं जुळलं तरच पुडी पदरात बांधत.