मिठ्या समितीपुढे बोलला तेव्हा

मिठ्या समोर येईल त्याला आधी त्याचं गाव विचारायचा. मग तो पोलीस असो, विजेचा मीटर बघायला आलेला पोरगा असो, नाहीतर मुलगी बघायला आलेले पाहुणे असोत. नाव नंतर, काम त्याच्याही नंतर. "तुमचं गाव कंचं?" एवढं विचारलं की घाईतला माणूससुद्धा सांगायला लागायचा. गाव, गावची नदी, आजोळ, आजोळचा फणस. थोड्या वेळाने बघावं तर तो मिठ्याच्या ओटीवर बसून चहा पीत असायचा. मला हे कधी जमलं नाही. जमवायचंही नव्हतं. लोकांची गावं विचारायला मला काय त्यांच्याकडे मुली द्यायच्या होत्या?

मानपाड्याच्या पुढे, जिथं आता टॉवरच टॉवर दिसतात, तिथं त्यांच्या सावलीत आमचं गाव आहे. ह्याचा बाप मिठागरात कामाला, म्हणून हा मिठ्या. खरं नाव फक्त मतदानाच्या दिवशी ऐकू यायचं. माझ्याहून वर्षाने लहान, म्हणून मला दादूस म्हणायचा. आमचं घर गावातलं मानाचं. बाहेरचा कोणी आला की गावातर्फे पहिला शब्द आमच्या घराचा, हे माझ्या आजापासून चालत आलेलं. शिवाय मी चौथीपर्यंत शिकलो, मिठ्या दुसरीतून पळाला. म्हणजे शिक्षणातही मीच पुढे. तरी गावात काही अडलं की लोक माझ्या दारावरून पुढे जायचे आणि त्याच्या ओटीवर थांबायचे. त्यांच्या चपला मला माझ्या खिडकीतून दिसायच्या.

कुणाच्या हळदीला गेलो की मला पंख्याजवळची खुर्ची मिळायची आणि मिठ्याला माणसं. मी टोपी सांभाळत बसलेला असायचो, हा मागे चुलीपाशी मटणाचं मीठ चाखत बायकांना हसवत असायचा. परक्यांचं सोडा, माझी बायकोही तसलीच. चिंबोऱ्यांचा रस्सा केला की जाड नांग्या बरोबर मिठ्याच्या ताटात.

"अगं, ह्या घरचा धनी मी आहे," मी एकदा बोललो.

"भावजी खाऊन चांगलं झालंय म्हणतात तरी," ती म्हणाली. "तुम्ही ताट सरकवता आणि उठता."

चांगलं झालं नसतं तर मी जेवलो असतो का? हे काय तोंडाने सांगायचं असतं?

आता मूळ गोष्ट सांगतो. माझ्या बापाने जी जमीन कूळ म्हणून कसली आणि कुळकायद्यात जी त्याच्या नावावर झाली, ती नव्या रेल्वे लाइनीत गेली. रूळ पडले तरी बाजूची एक लांब पट्टी तशीच पडून राहिली. लाइनीने गावाचे दोन भाग केले. घरं अलीकडे, उरलेली भाताची खाचरं आणि स्मशान पलीकडे, खाडीच्या बाजूला. पलीकडे जायचं तर फाटकापर्यंत मोठा वळसा. मग ऐकलं की त्या पडून असलेल्या पट्टीवर सोलरच्या प्लेटी बसवणार. त्यातच संसदेची एक समिती ठाण्याला येणार असल्याचं कळलं. जमिनी कशा घेतल्या, लाइनीचं काय झालं, सोलरचं काय होणार, हे सगळं ती तपासणार होती आणि गाववाल्यांचंही ऐकून घेणार होती. गावकी बसली. ठरलं की पट्टी परत मागायची. बोलणार मी. मिठ्या नुसता सोबतीला.

वर्तकनगरच्या बाजूला एका सरकारी हॉलमध्ये बसवलं आम्हाला. एसी इतका की मिठ्याने उपरणं कानाला गुंडाळलं. टेबलापलीकडे खासदार ओळीने बसलेले, मधोमध अध्यक्षबाई, कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या. एक साहेब आमचं बोलणं त्यांना हिंदीत सांगायला उभा.

मी उठलो आणि जमिनीबद्दल बोलायला जशी सुरुवात करतात तशी केली. आमच्यात जमिनीचं बोलणं शेताच्या नावापासून निघतं. जांभळीखालचं खाचर, मग देवाचं, मग लांबडं. वरच्या अंगाला कोण, खालच्या अंगाला कोण, पाणी कुठून कुठं उतरतं. हे सांगितल्याशिवाय गावकीत कुणी ऐकूनच घेत नाही. मी एकेक शेत उभं करत होतो. अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं.

"काका, मुद्द्यावर या," साहेब म्हणाला.

"मुद्द्यावरच आहे. खालच्या अंगाची शेतं अजून राहिलीत."

बाईंनी पुढच्या गावाचा कागद ओढला. तेवढ्यात मिठ्या उभा राहिला. कानाचं उपरणं तसंच.

"म्याडम, आपका गाव कौनसा?"

साहेब पांढराफटक. बाई आधी बघत राहिल्या, मग हसल्या आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"उधर रेल है क्या?"

"है."

"तो आपका शमशान रेल के इस बाजू, के उस बाजू?"

बाईंना विचार करावा लागला. "इसी बाजू."

"हमारा उस बाजू," मिठ्या बोलला. "आदमी मरता है तो फाटक पे खडा रहता है. जिंदा था तब भी खडा, मर गया तब भी खडा."

असलं हिंदी! माझं त्याच्यापेक्षा कितीतरी बरं. पण बाईंनी पेन उचललं. म्हणाल्या, "आप चाहते क्या हैं?"

"प्लेटी लगाव, हमारी ना नहीं. लेकिन लाइन के नीचे से हमको रास्ता देव."

मी त्याचा सदरा मागून ओढला. त्याने वळूनही बघितलं नाही. बापाची जमीन त्याने माझ्यासमोर भरल्या हॉलमध्ये सोडून दिली, आणि जाताना त्या बाईंनी नमस्कार केला तो त्याला.

येताना गाडीत मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. शीळफाट्याला त्यानेच सुरुवात केली.

"दादूस, जमीन देनार नव्हते रं ते. वाट तरी घेऊ बोल्लो."

"तुझी होती का जमीन?"

"नाय."

"मग?"

"माझी असती तर तोंडातनं निघालंच नसतं," तो म्हणाला. "तुझ्याच्यानं निघालं नसतं, म्हनून मी बोल्लो."

मी खिडकीची काच वर केली.

पुढे समितीने अहवालात लिहिलं म्हणे, आणि खरंच रुळांखालून वाट झाली. गाडीबैल जाईल एवढी. सरकारने तिला काहीतरी नंबर दिला, पण गाव म्हणतं मिठ्याचा बोगदा. माझा नातूसुद्धा तेच म्हणतो. वर बापाच्या जमिनीवर प्लेटी चकाकतात आणि खालून सगळे मिठ्याचं नाव घेत जातात. मी एकदाही गेलो नाही. मिठ्या बोगद्याच्या तोंडाशी कठड्यावर बसलेला असायचा आणि मला लांबून हाक मारायचा.

"ये ना रं इकडनं, दादूस! ऊन किती हाय!"

"मला पाय आहेत," मी सांगायचो आणि फाटकाकडे चालू लागायचो. तो हसायचा. कधी रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात मिठ्या गेला. जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. तिरडी बोगद्यातून निघाली, गाव तिच्यामागे. मी फाटकाने गेलो. फाटक बंद. मालगाडी येऊन उभी राहिली ती हलेना. तिथं मी रेल्वेला शिव्या दिल्या, मालगाडीला दिल्या, खरं सांगायचं तर मिठ्यालाही दिल्या. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, असं मनाशी धरून चाललो होतो.

उरकलं नव्हतं. चिता रचलेली, वर मिठ्या, आणि अख्खं गाव भर उन्हात उभं. त्याचा पोरगा पुढे आला.

"या काका. बाबांनी मागेच सांगून ठेवलेलं. दादूस बोगद्यातनं येनार नाय, फाटकावरनं येईल. तो आल्याबिगर पेटवू नका. शिव्या देत येईल, त्या देऊ द्या."

कोणी हसलं नाही. पोराने आग दिली. मी लाकडं नीट करायच्या निमित्ताने पुढे झालो, धूर डोळ्यांत गेला, ते बरंच झालं.

परतताना सगळे बोगद्याकडे वळले, मी फाटकाकडे. वाटेत एकच गोष्ट मनात फिरत होती. गाव उन्हात उभं राहिलं ते माझ्यासाठी नाही, त्याच्या शब्दासाठी. उद्या माझ्या शब्दावर गाव असं थांबेल का, हे बघायला मी असणार नाही. मिठ्यालाही बघता आलं नाही. पण त्याला बघायची गरज नव्हती.