पणजोबांच्या बहिणीचं गाव

माझे पणजोबा स्कॉटिश बापाचे, पण त्यांनी जन्मभर नाशिकजवळ शेतीच केली. निवृत्तीनंतर मी त्यांच्या भावंडांचा माग काढत होतो. चर्चमधल्या जुन्या नोंदी, तहसील कचेरीतले फेरफार, दफनभूमीतले झिजलेले दगड. डोळे दुखून यायचे आणि हाती बहुतेकदा काहीच लागायचं नाही. अखेर त्यांच्या एका बहिणीच्या लग्नाच्या नोंदीत पेठ तालुक्यातल्या एका गावाचं नाव सापडलं.

एसटीने तिथे पोहोचेपर्यंत पाय भरून आले होते. विचारत विचारत घर सापडलं. त्या बहिणीची म्हातारी नात ओट्यावर नागली पाखडत बसली होती. डोळे थेट माझ्या वडिलांसारखे घारे.

“तुमच्या आजीचे वडील साहेब होते, ठाऊक आहे?” मी विचारलं.

“साहेब? नाय बा. आजी भात लावायची, एवढं ठाऊक. तू कोण तिचा?”

“तिच्या भावाचा पणतू.”

तिने सूप खाली ठेवलं. “मंग आमचाच हायेस. लय दमलेला दिसतोस. पड जरा.”

पिशवीतल्या नोंदींच्या झेरॉक्स मी काढल्याच नाहीत. घोंगडीवर आडवा झालो आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो. परतीच्या गाडीसाठी तिनेच मला उठवलं.