भिकनने बसवलेला काटा

सुरतेजवळच्या सचिन गावात, कारखान्यांच्या रस्त्यावर ट्रकची वायरिंग करणारा भिकन मनाने वाईट नव्हता, पण त्याचा हात फार लवकर सुटायचा. टायर बदलून तीन महिने वेगाचा काटा तपासला नाही म्हणून एका ड्रायव्हरच्या कानाखाली त्याने जाळ काढला होता. दुसऱ्याला पाना फेकून मारला, तो कपाळाला लागला. मग स्वतःच त्याला रिक्षात घालून टाके घालायला नेलं, आणि दवाखान्यापर्यंत शिव्या चालूच. तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं. ट्रकचा स्पीडोमीटर खरा करावा तर भिकननेच, हे उधन्यापासून पलसाण्यापर्यंत सगळे मान्य करत.

टायर मोठे घातले की चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं. इंजिनाच्या संगणकाला ते कळत नाही, तो बापडा जुन्याच मापाने काट्यावर कमी वेग दाखवत राहतो. भिकनकडे तळहाताएवढा ट्यूनर होता. ड्रायव्हर त्याला डब्बा म्हणत. स्टिअरिंगखाली तो जोडायचा आणि टायरचा नवा घेर त्यात भरायचा. बाकीचे लोक टायरवर छापलेल्या आकड्यांवर विसंबून मोकळे होत. भिकन माल भरलेली गाडीच मागायचा, टायरवर खडूने रेघ मारायचा, चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत गाडी पुढे घ्यायला लावायचा आणि उकिडवा बसून टेपने रस्ता मोजायचा. मग ड्रायव्हरला मोबाइलवर वेग लावायला सांगून एक चक्कर मारून आणायचा. "काटा न् मोबाइल एकच दखाडस ना? मंग जाय," एवढं म्हणून सोडायचा. ड्रायव्हरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी हलत नसे.

हा नियम त्याने एकदाच मोडला, तो योगराजसाठी. योगराज ट्रान्सपोर्टवाला त्याच्याच गावचा, अमळनेरकडचा. भिकन सुरतेत आला तेव्हा योगराजच्या वडिलांनीच त्याला पांडेसऱ्यात खोली दिली होती. योगराजचं कापड रोज भिवंडीला जायचं आणि नियमाप्रमाणे इंजिनाचा संगणक त्याच्या ट्रकला ऐंशीच्या वर जाऊ देत नव्हता.

"भिकनदादा, घेर कमी भरी दे," योगराज म्हणाला. "काटा ऐंशी दखाडू दे, गाडी शंभरनी पळू दे."

"ड्रायव्हरले म्हाईत शे का?"

"मी सांगस ना त्याले."

ड्रायव्हर आनंदा दहा दिवसांपूर्वीच कामाला लागलेला. तो तेव्हा समोर सुंदराबाईच्या टपरीवर चहा पीत होता. भिकनने त्याला हाक मारली असती तर काम दोन मिनिटांचं होतं. पण मालकाची लबाडी त्याच्या नोकरासमोर कशी उघडी पाडायची? गावच्या माणसाची लाज राखायची असते. भिकनने ती राखली. खडू नाही, टेप नाही, चक्कर नाही. आकडा भरला, डब्बा काढला, आणि आनंदाला नुसतं म्हणाला, "जाय."

मेल्याची अक्कल तिथेच गहाण पडली, दुसरं काय!

चौथ्या दिवशी दुपारी तीनला कारखान्यांची पाळी सुटली. टपरीच्या अलीकडच्या वळणावर चाळीसची पाटी आहे. आनंदाने पाटी पाहिली, काटा चाळीसवर आणला आणि वळण घेतलं. गाडी पन्नासने होती आणि वर सोळा टन कापड. ट्रक किंचितसा कलला, ब्रेकला दाद न देता घसरत गेला आणि सरळ टपरीत घुसला. पत्रा फाटला, उकळतं पातेलं उडालं. सुंदराबाई पुढच्या चाकाखाली गेली. तिचा एक पाय बाहेर होता, चप्पल घातलेला.

भिकन दुसऱ्या गाडीखालून निघून धावत पोचला तोवर पाळी सुटलेली माणसं केबिनवर चढली होती. "मारो सालाने!" कुणीतरी ओरडलं. आनंदाला केसांना धरून खाली ओढलं. आधी लाथा, मग पट्टे. एकाने टपरीचा मोडका बाक उचलून त्याच्या पाठीत घातला. आनंदाचे पुढचे दोन दात पडले, एक कान फाटून लोंबत होता. तोंडातल्या रक्तातून तो एकच ओरडत होता, "काटा चाळीसवर व्हता! देवानी आन, काटा चाळीसवर व्हता!"

"झूठ बोलता है," म्हणत एकाने दगड उचलला.

तेवढ्यात भिकनचा फोन वाजला. योगराज होता. त्याला बातमी पोचली होती. "दादा, पोलीस येवानं आधी काटा सरका करी टाक. मंग ड्रायव्हरनं म्हननं कोन आयकस?"

डब्बा भिकनच्या खिशातच होता. केबिन रिकामी होती, सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे. दोन मिनिटांत काटा खरा झाला असता आणि आनंदा कायमचा खोटा ठरला असता. भिकनला भीती वाटली. शेकडो माणसांना त्याने आयुष्यभर मारलं होतं, पण शेकडो हात एका अंगावर पडताना कधी पाहिले नव्हते. त्याने फोन बंद केला.

"त्याले सोडा!" तो गर्दीत घुसून ओरडला. "त्याना काटा खोटा व्हता. मी खोटा केला. ह्या हातांनी! गाडी पन्नासनी व्हती, त्याले म्हाईत नव्हतं!"

दगडवाला थांबला. ओळखीचे चेहरे वळून बघू लागले. रोज सुंदराबाईकडे त्याच्याबरोबर चहा पिणारे होते ते. भिकनने खिशातून डब्बा काढून वर धरला, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

गर्दी त्याच्याकडे सरकली. भिकनने डोळे मिटून मान खाली घातली. पण पहिला तडाखा गर्दीचा नव्हता. आनंदा कसाबसा उठला होता. केबिनमधून पडलेली चाक खोलायची टामी त्याच्या हातात होती. ती त्याने दोन्ही हातांनी फिरवली आणि भिकनच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. भिकन गुडघ्यांवर आला, डब्बा उडून रस्त्यावर फुटला. आनंदाने टामी पुन्हा उचलली, आणि ती हवेतच राहिली. त्याला रडू फुटलं होतं.

"माले कसाले नही सांगं, काका?" तो म्हणाला. "ती बाई मना हातखाल मरनी. तुमना नही, मना."

आता कुणी कुणाला मारत नव्हतं. भिकनने मोडका हात पोटाशी धरून वर पाहिलं. मग दुसरा हात टेकत तो सुंदराबाईच्या बाहेर राहिलेल्या पायाकडे सरकला.