मागच्या सीटचा गारवा

बायको गेल्यावर महिनाभराने मी गाडीच्या मागे लागलो. बारा वर्षांची हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. एके काळी लिटरला बावीस द्यायची, आता चौदावर आली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, विकून टाका." मी म्हटलं, ॲव्हरेज परत आणून दाखवतो, नाही आलं तर खुशाल वीक. त्या गाडीच्या मागच्या सीटवर त्याची आई दोन वर्षं बसली होती.

मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. लोक भेटायला यायचे आणि मी त्यांच्याशी टायरमधल्या हवेबद्दल बोलत बसायचो.

ती दोन वर्षं दर मंगळवारी आम्ही जळगावहून धुळ्याला डॉक्टरांकडे जायचो. पाय लांब करता यावेत म्हणून ती मागे बसायची. पाठीशी उशी, रावेरकडच्या तिच्या माहेरच्या कापसाची, खोळ एका कडेला उसवलेली. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन काय सांगायचं! तरी मी एसी बंद ठेवायचो. पेट्रोल परवडत नव्हतं असं नाही, पण पुढच्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा घसरलेला मला बघवत नसे. असतो एकेकाला नाद. एरंडोल सुटलं की ती म्हणायची, "अहो, मागे फार गरम होतंय. एसी लावा ना."

"तुला कणकण असेल. काच खाली कर. पारोळा आलंच."

पारोळ्यानंतर ती पुन्हा म्हणायची नाही.

नशिराबादजवळच्या मेकॅनिकने बॅटरीचे थकलेले सेल काढून नवे, जास्त ताकदीचे बसवले. टायरही बदलले. मग मागच्या सीटच्या कडेची जाळी उघडली आणि मला हाक मारली.

"आबा, आठे बठ्ठा कापूस शे. गाडीमा कापूस भरतस का काय?"

खरंच, जाळीमागच्या छोट्या पंख्यावर सगळा कापसाचा पांढरा थर बसला होता. त्याने तो बोटांनी सोडवून फडक्यावर ठेवला. उशीतलाच होता.

"आनि एसी बंद ठेवतस का तुम्ही?"

"हो. ॲव्हरेजसाठी."

तो हसला. हा पंखा गाडीतलीच हवा ओढून बॅटरीला देतो, म्हणाला. आत गरम असलं की बॅटरी तापते, आणि तापली की गाडी तिला हात लावत नाही, सगळा भार पेट्रोलवर. "एसी बंद म्हनीसनच तुमनं ॲव्हरेज पडनं, आबा. बॅटरीले बी माणूससारखा गारवा लागस."

मी मान डोलावली. चहा मागवला होता, तो प्यायलो.

पुढच्या मंगळवारी, काही काम नसताना, धुळ्याकडे निघालो. एसी लावला. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आकडा तेवीस. गाडी आता विकायची नव्हती. मी ती कडेला घेतली, एसी तसाच चालू ठेवला आणि मागे जाऊन तिच्या जागेवर बसलो. मला माझी लाज वाटली, ती गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं. मागे छान गार होतं. तिथून तो आकडा दिसतही नव्हता.