एदिसोनचं माँटेव्हिडिओ

पासो सेको गावात एदिसोन बेंतान्कोरच्या सलूनमध्ये ज्याने डोकं दिलं, त्याला माँटेव्हिडिओ ऐकावंच लागे. एकदा गळ्याभोवती कापड आवळलं की गिऱ्हाईक पळणार कुठे? मग एदिसोन कात्री वाजवत सुरू होई. तरुणपणी दोन वर्षं तो राजधानीत होता. पालासिओ साल्व्होच्या उंच मनोऱ्यासमोर त्याचं दुकान. दारात उभं राहिलं की बंदरातली जहाजं दिसत. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे ठोके ऐकून लोक दाढीला येत. समुद्र असा निळा, की बाटलीत भरून शाई म्हणून विकावा. सेनेटर, गायक, फुटबॉलवाले, सगळ्यांच्या मानेवरून त्याचा वस्तरा फिरला होता. एका सेनेटरच्या मानेवरचा मस तर पहिल्या वर्षीच्या गोष्टीत वाटाण्याएवढा होता, तो आता लिंबाएवढा झाला होता.

आता खरं सांगायचं तर या माणसाने माँटेव्हिडिओ पाहिलंच नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी सगळ्या गावाला हात हलवून तो बसमध्ये बसला, अर्ध्या वाटेत त्याचा धीर सुटला, आणि मामाच्या गावाचा फाटा दिसताच तो उतरला. दोन वर्षं त्याने मामाच्या गाई धुतल्या आणि गडीमाणसांचे केस कापून हात बसवला. परत आला तेव्हा केसांना सुगंधी तेल चोपडलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, "वा! राजधानीचं तेल दिसतंय." एदिसोन 'हो' म्हणाला. झालं. त्या एका 'हो'ला पुढे चाळीस वर्षं खाऊपिऊ घालावं लागलं.

आणि गावाने ते आनंदाने खाल्लं. सलूनच्या भिंतीला भिंत लावून एल्बियाची बेकरी होती. रिव्हेरो पाववाल्याशी लग्न करून ती ज्या वर्षी गावात आली, त्याच वर्षी एदिसोनने दुकान उघडलं. रिव्हेरो वारला, तरी एल्बिया भट्टी चालवतच राहिली. पलीकडून तिचा कणीक आपटण्याचा आवाज येई आणि अलीकडून एदिसोनची बडबड जाई. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गावच्या शाळेत लिसांद्रो नावाचे नवे मास्तर बदलून आले. ते निघाले थेट माँटेव्हिडिओचे.

मास्तर पहिल्यांदा खुर्चीत बसले आणि हसून म्हणाले, "साल्व्होसमोर? नक्की कोणत्या कोपऱ्यावर हो? माझं सगळं लहानपण त्याच चौकात गेलंय."

बाकावर बसलेल्या चौघांनी माना पुढे केल्या. एदिसोनने क्षणाचाही उशीर न लावता ब्रश बुडवला आणि मास्तरांच्या नाकापासून गळ्यापर्यंत साबणाचा फेस फासला. मास्तर केस कापायला आले होते, दाढीला नव्हे. पण तोंड बंद झालं हे महत्त्वाचं.

"पुढच्या महिन्यात निवांत बोलू, मास्तर," एदिसोन म्हणाला.

म्हणजे हातात एक महिना होता. गावात सेनेटर नव्हता, गायक नव्हता; गावाचं जे काही होतं ते एदिसोनचं माँटेव्हिडिओ. ते खोटं निघालं तर एकसष्टाव्या वर्षी तोंड लपवायला मामाच्या गाईही शिल्लक नव्हत्या. तेव्हा त्याने गावात सांगितलं की मेलो शहरात मेव्हण्याकडे दाढ काढायला जातोय, आणि सोमवारी रात्री गुपचूप राजधानीची बस धरली. मामाच्या फाट्यापलीकडचा आयुष्यातला पहिला प्रवास. मामाचा फाटा आला तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

सकाळी बसस्थानकावर उतरला तेव्हा सरकत्या जिन्याने पहिला इंगा दाखवला. एदिसोन वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, आणि मग लोक बघताहेत असं वाटून हे आपण मुद्दामच करतोय असा चेहरा केला. बाहेर आल्यावर त्याने एका बाईला साल्व्होचा चौक कुठे म्हणून विचारलं. तिने डावीकडे बोट दाखवलं. पेपरवाल्याने उजवीकडे. माहीत नाही असं म्हणायची आमच्या देशात पद्धतच नाही. अख्ख्या देशातच ती नाही, तर बिचाऱ्या एदिसोनलाच का नावं ठेवायची?

शेवटी तो मोठ्या हमरस्त्याने नाकासमोर चालत सुटला. इमारती बघण्याआधी त्याची नजर माणसांच्या मानांवर जाई. राजधानीतले केस कापणारे इतके भिकार असतील असं त्याला वाटलं नव्हतं. एकाची मान तर उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. त्याला एकदम बरं वाटलं. आपण इथे खरंच दुकान टाकलं असतं तर चाललं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि पाठोपाठ मामाच्या गावाचा फाटा आठवला.

चौक आला. मधोमध देशाचे राष्ट्रपुरुष आर्तिगास पुतळ्यातल्या घोड्यावर बसलेले होते. कोपऱ्यावर पालासिओ साल्व्हो उभा होता, चित्रात बघितलेला तसाच, फक्त जास्त अवाढव्य आणि जास्त मळका. एदिसोनने मान मागे टाकून मनोरा वरपासून खालपर्यंत पाहिला. चारी बाजूंनी फिरून पाहिला. चाळीस वर्षं ठोके देणारं घड्याळ कुठेच नव्हतं. जहाजंही दिसत नव्हती. दिसत होते ते ट्राफिकचे दिवे आणि कबुतरं.

तेवढ्यात पिवळी छत्री उंच धरून एक गाईडबाई पर्यटकांचा कळप घेऊन आली. एदिसोन अगदी सहज त्यांच्यात मिसळला. पुतळ्याखाली जिना उतरून गेलं की आर्तिगासांच्या अस्थी आहेत, दोन्ही बाजूंना पहारेकरी हलत नाहीत, हे सगळं त्याने घडाघडा पाठ केलं. तासाभराने बाईने त्याला हटकलं.

"आजोबा, तुम्ही आमच्यात नाही ना?"

"मी इथलाच आहे," एदिसोन तोऱ्यात म्हणाला. "तुम्ही बरोबर सांगताय की नाही ते बघत होतो."

आणि वळला तर समोर एल्बिया. काखेत थर्मास, हातात येर्बाचा कडू चहा प्यायचा पोकळ भोपळा, अंगात रविवारचा कोट.

"काय रे एदिसोन, मेलोतल्या दाढा आता इथे येऊन काढतात वाटतं?"

एदिसोनच्या तोंडचं पाणी पळालं. "दोन्या एल्बिया!" गावात तिला मानाने सगळे दोन्याच म्हणत. "तुम्ही इथे कशा?"

"पेन्शनच्या कागदावर सही करायची होती. तुझ्याच बसमध्ये होते, सगळ्यात मागे. तुझं घोरणं गाव सोडून इथपर्यंत ऐकत आले." तिने चौकभर नजर फिरवली. "बस संध्याकाळी आहे. तू तर इथला जुना माणूस. चल, दाखव तुझं माँटेव्हिडिओ."

पळायला जागा नव्हती. एदिसोनने छाती पुढे काढली आणि सकाळीच पाठ केलेला धडा म्हणायला घेतला. आर्तिगास, अस्थी, पहारेकरी. एवढं उत्तम झालं. वर आल्यावर एल्बियाने मनोऱ्याकडे पाहिलं.

"आणि घड्याळ?"

"काढलं," एदिसोन म्हणाला. "लोकांची झोपमोड व्हायची."

"बरं केलं. आणि तुझं दुकान?"

एदिसोनने चौकाच्या पलीकडे हात केला. तिथे दगडी खांबांची एक बँक होती. "तिथंच होतं. बँकेनं गिळलं. काय करणार, काळच असा आलाय."

शेजारच्या टपरीत पेपर विकणारा एक म्हातारा कान टवकारून बसला होता. त्याच्याने राहवलं नाही. "ओ साहेब, ती बँक माझ्या जन्माआधीपासून आहे तिथं. माझा बाप इथंच पेपर विकायचा. न्हाव्याचं दुकान कसलं नि काय कसलं!"

एदिसोनला सगळं संपलं असं वाटलं. उद्या सकाळी पावाबरोबर ही बातमी घरोघरी जाणार होती. पण एल्बिया म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तुमच्या जन्माची तारीख घरी जाऊन एकदा नीट बघा. वयोमानाने घोळ होतात," आणि एदिसोनचा दंड धरून चालायला लागली.

नंतर त्यांनी एका बारमध्ये मांस, अंडं, चीज आणि टोमॅटो कोंबलेला चिविटो खाल्ला. निम्मा एदिसोनच्या शर्टावर गेला. मग तो तिला बंदराच्या बाजाराला न्यायला निघाला आणि जी पहिली बस आली तीत चढला. ही बस बंदराला जाते का, असं ड्रायव्हरला विचारणं त्याच्या अब्रूत बसत नव्हतं. बस बंदराकडे पाठ करून सुसाट निघाली. एदिसोन खिडकीतून दिसेल त्याची ओळख करून देत होता. ही शाळा फार जुनी. हे झाड फार प्रसिद्ध. एल्बिया माना डोलावत होती. अर्ध्या तासाने तीच उठली, दोरी ओढून घंटी वाजवली आणि म्हणाली, "इथे उतरू."

समोर पाण्याच्या कडेने रुंद रस्ता जात होता आणि त्याला लांबच लांब कठडा होता. लोक थर्मास घेऊन बसले होते. पाणी निळं नव्हतं. दुधाळ कॉफीच्या रंगाचं होतं.

"आज जरा गढूळलंय," एदिसोन पुटपुटला.

"ते रोजच तसं असतं," एल्बिया म्हणाली.

ती कठड्यावर बसली. भोपळ्यात गरम पाणी ओतून तिने पहिला कडू घोट स्वतः घेतला, परत भरला, आणि नळी त्याच्याकडे करून दिला. मग थर्मासच्या झाकणाने मागची एक इमारत दाखवली.

"तिसरा मजला. कोपऱ्यातली लहान खिडकी दिसते? ती धुण्याची खोली. मी पंधराव्या वर्षी तिथे कामाला आले. अकरा वर्षं होते."

एदिसोनच्या हातातला भोपळा तसाच राहिला.

"रविवारी दुपारी सुट्टी असायची. दोन तास. मालकीणबाई म्हणायच्या, हरवलीस तर पोलीस शोधणार नाहीत. मी घाबरायचे. खाली उतरले, तर या बाजूचा रस्तासुद्धा ओलांडला नाही कधी. हा कठडा मी अकरा वर्षं त्या खिडकीतून बघितला. बाकी सगळं शहर म्हणजे चौकातली ती बँक. महिन्यातून एकदा बाईंची पिशवी धरून मी त्या दगडी खांबांपाशी उभी राहायचे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," एदिसोन म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"तुझ्या दुकानाच्या पहिल्या दिवसापासून. मी नवी नवरी, भट्टीपाशी उभी, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी साल्व्होला घड्याळ लावतंय! मी हसून हसून कणीक सांडली."

"मग बोलला का नाहीत कधी? एवढी वर्षं?"

"मला कुणी विचारलंच नाही. सगळे तुला विचारायचे." तिने भोपळा परत घेतला. "आणि मी बोलले असते तर तू गप्प बसला असतास. मग मी काय ऐकलं असतं? तुझ्या माँटेव्हिडिओत मी कुठेही जायचे, एदिसोन. नाचाला जायचे, नाटकाला जायचे. तिथे कुणी मला पाच वाजता परत बोलावत नव्हतं. माझ्या माँटेव्हिडिओत नुसती धुणी होती."

एदिसोनला रडू आलं. मोठ्या माणसाला उघड्यावर रडायची लाज वाटते, म्हणून त्याने शर्टावरचा टोमॅटो पुसल्याचं नाटक केलं. मग म्हणाला, "दोन्या एल्बिया, खरं सांगतो, मला इथलं काहीही माहीत नाही."

"मलाही नाही. म्हणून तर म्हणते, चल. बसला अजून तीन तास आहेत."

ते तीन तास ते नुसते भटकले. दोनदा चुकले. विचारलं तेव्हा लोकांनी चारी दिशांना बोटं दाखवली. एल्बियाने बूट काढून पाण्यात पाय घातले आणि थंडीने अशी किंचाळली की दोन कुत्री भुंकायला लागली. एका वाद्यवाल्यासमोर तिने एदिसोनला नाचायला उभं केलं. त्याने तिचा पाय तुडवला. ती म्हणाली, "सेनेटरांच्या माना सांभाळायचास म्हणे, तुझे स्वतःचे पाय कुणी सांभाळायचे?"

पुढच्या महिन्यात मास्तर ठरल्याप्रमाणे आले. बाकावर या वेळी चौघांऐवजी नऊ जण होते. एदिसोनने मास्तरांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. पलीकडे कणीक आपटली जात होती.

"हां, तर सांगा," मास्तर म्हणाले. "कोणत्या कोपऱ्यावर?"

एदिसोनने ब्रशकडे पाहिलं. मग तो बाजूला सारला.

"दुकान नव्हतंच, मास्तर. दोन वर्षं मी मामाच्या गाई धूत होतो. माँटेव्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या महिन्यात. एक दिवस."

बाकावरचा म्हातारा निकानोर मांडीवर थाप मारून हसायला लागला, आणि त्याच्या मागोमाग सगळे. "ऐका, ऐका! चाळीस वर्षांत एवढी मोठी थाप मारली नव्हती पठ्ठ्याने! म्हणे गाई धूत होतो!"

"खरंच सांगतोय," एदिसोन म्हणाला.

"हो रे बाबा, खरंच. पुढे काय झालं ते सांग."

मास्तर मात्र हसले नव्हते. ते आरशातून त्याच्याकडे पाहत होते. "मग काय पाहिलंत त्या दिवशी?" त्यांनी हळूच विचारलं.

एदिसोनने कात्री उचलली. तिसऱ्या मजल्याची गोष्ट त्याची नव्हती, ती तो सांगणार नव्हता. पण बाकीचा दिवस त्याचा होता.

"पाणी तपकिरी आहे," तो म्हणाला. "कॉफीसारखं. साल्व्होवर घड्याळ नाही. आणि पाण्याच्या कडेला एक लांब कठडा आहे. तिथे एक बाई आली, बूट काढले, आणि सरळ पाण्यात उतरली. कुणाला विचारलं नाही तिने. पाच वाजून गेले, सहा वाजून गेले, तरी कुणी तिला परत बोलावलं नाही."

पलीकडे कणकेचा आवाज थांबला. एदिसोनने आपला आवाज थोडा चढवला, भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल इतका, आणि पुढे सांगायला लागला.